रॉबी फाउलर आणि लिव्हरपूलचे गोदी कामगार



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आमच्याकडे इतिहासाचा विषय मागितला, तेव्हा युनियनचा माणूस एखाद्या संपावर बोलेल अशी त्यांची अटकळ असावी. ती अगदीच चुकली नाही. पण आम्ही विषय कळवला तो एका फुटबॉल खेळाडूचा, आणि तोही असा खेळाडू, की ज्याच्या गावची माणसे त्याच्याबद्दल बोलू लागली म्हणजे पहिल्या वाक्यात त्याला देव म्हणतात आणि तिसऱ्या वाक्यात मान खाली घालतात. त्याचे नाव रॉबी फाउलर. गाव लिव्हरपूल. ह्या माणसाचे काय करावे, हा प्रश्न त्या गावाला गेली तीस वर्षे पडलेला आहे. आम्हांलाही तो पडला आहे, आणि का पडला ते शेवटी सांगू.

लिव्हरपूल हे बंदर आहे. मर्सी नदीच्या मुखाशी मैलोगणती गोद्या, आणि त्या गोद्यांवर पिढ्यानपिढ्या राबलेले मजूर, हीच त्या शहराची मूळ हकीकत. तिथला गोदी कामगार फार काळ रोजंदारीवर होता. सकाळी दारापाशी गर्दी करायची, मुकादमाने बोट दाखवावे म्हणून मान उंच करायची, आणि बोट दुसऱ्याकडे गेले की रिकाम्या हाताने घरी यायचे. मुंबईच्या गोदीत ज्यांचे आजे-पणजे राबले, त्यांना हे चित्र निराळे समजावून सांगायला नको. इंग्लंडात १९४७ साली राष्ट्रीय गोदी कामगार योजना आली आणि नोंदलेल्या कामगाराला काम नसले तरी हजेरीचा पैसा मिळू लागला. आपल्याकडे १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा झाला. आज मुंबईच्या गोदीलगत ज्यांच्या नावाचा रस्ता जातो, त्या पी. डिमेलो यांच्या पिढीने त्या कायद्यातल्या शब्दांना गोदीत जीव दिला. दोन बंदरे समुद्राने दूर, पण दु:ख एक आणि त्यावरचा उतारा बहुतेक एकच.

इंग्लंडातली ती योजना थॅचरबाईंच्या सरकारने १९८९ साली मोडीत काढली. एकामागून एक बंदरांत कंत्राटी मजूर आले. लिव्हरपूलमध्ये मात्र संघटित कामगार टिकून राहिले. मालकांच्या डोळ्यांत ते खुपत होते, हे कोणत्याही युनियनवाल्याला न सांगता कळेल.

त्याच लिव्हरपूलच्या टॉक्स्टेथ ह्या वस्तीत ९ एप्रिल १९७५ रोजी रॉबी फाउलर जन्मला. वस्ती गरिबांची. १९८१ च्या जुलै महिन्यात तिथे मोठी दंगल उसळली. पोलिसांचा जाच, बेकारी, वर्णभेद, सगळे एकदम पेटले. त्या वेळी हा पोरगा सहा वर्षांचा होता. लिव्हरपूलमध्ये मोठे संघ दोन, एक तांबडा आणि एक निळा. मुलगा निळ्यांचा म्हणजे एव्हर्टनचा चाहता होता, पण त्याला उचलले तांबड्यांनी. २२ सप्टेंबर १९९३ रोजी फुलमविरुद्ध तो पहिला सामना खेळला आणि त्यात त्याने गोल केला. पंधरवड्यात त्याच संघाविरुद्ध ॲनफील्डवर परतीचा सामना झाला. लिव्हरपूल पाच गोलांनी जिंकले, आणि पाचही गोल ह्या अठरा वर्षांच्या पोराचे होते.

पुढल्या वर्षी, २८ ऑगस्ट १९९४ रोजी, आर्सेनलविरुद्ध त्याने साडेचार मिनिटांत तीन गोल केले. हा विक्रम २०१५ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. लागोपाठ तीन हंगामांत त्याने तिसाहून अधिक गोल केले. १९९५ आणि १९९६ अशी दोन्ही वर्षे खेळाडूंच्या संघटनेने त्याला सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरवले. डाव्या पायाचा हा पोरगा चेंडू आल्यावर विचार करीत नसे. दुसरे आघाडीवीर चेंडू थांबवतात, पुढे घेतात, मग मारतात. ह्याचा चेंडू थांबायच्या आत जाळ्यात गेलेला असे. लोक त्याला ‘देव’ म्हणू लागले. ॲनफील्डच्या एका टोकाला ‘कॉप’ नावाची प्रेक्षकांची बाजू आहे. आफ्रिकेतल्या ज्या स्पिऑन कॉपच्या टेकडीवरून तिला नाव पडले, तिथल्या १९०० सालच्या लढाईत आपले गांधीजी जखमींना डोलीतून वाहत होते. त्या कॉपवर गोदीवाले, ड्रायव्हर, बेकार असे सगळे येत. टॉक्स्टेथचा पोरगा खेळतो आहे म्हणजे आपल्याच घरातले कुणी खेळते आहे, असे त्यांना वाटे.

आता गोदीकडे वळू. सप्टेंबर १९९५. टॉर्साइड नावाची मालाची चढउतार करणारी एक कंपनी होती. तिथले कामगार तरुण, त्यांतले पुष्कळ जुन्या गोदीवाल्यांचीच मुले. जादा वेळच्या मजुरीवरून तंटा झाला, पाच जणांना काढले, आणि पाठोपाठ साऱ्या ऐंशी जणांना घरी बसवले. त्या पोरांनी बंदराच्या दारावर पिकेटिंग केले. बंदर कंपनीचे जुने कामगार कामावर आले तेव्हा समोर पिकेटची रांग उभी, आणि रांगेत आपलीच मुले. त्यांनी रांग ओलांडली नाही. म्हणून त्यांनाही काढले. सगळे मिळून सुमारे पाचशे माणसे रस्त्यावर आली.

मित्रहो, आम्ही हयातीत पुष्कळ संप पाहिले. पगारवाढीचे पाहिले, बोनसचे पाहिले. पण ह्या माणसांनी स्वत:साठी काही मागितले नव्हते. त्यांचा अपराध एवढाच, की शेजारच्या फाटकावर उभ्या असलेल्या पोराकडे पाठ करून ते आत गेले नाहीत. इंग्लंडच्या नव्या कायद्यांनी अशा पाठिंब्याच्या कृतीला बेकायदा ठरवून टाकले होते. त्यामुळे त्यांच्या स्वत:च्या बलाढ्य युनियनलाही हा लढा अधिकृत म्हणता येईना. वर्तमानपत्रांत बातमी क्वचितच येई. कामगारांच्या बायकांनी स्वत:ची संघटना काढली. परदेशच्या बंदरांतून मदत आली. जानेवारी १९९७ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदीवाल्यांनी त्यांच्यासाठी काम थांबवले. पण खुद्द त्यांच्या देशात त्यांचे नाव कुणी घेत नव्हते.

अशा वेळी २० मार्च १९९७ ची रात्र आली. नॉर्वेच्या ब्रान ह्या संघाशी युरोपीय करंडकाचा उपांत्यपूर्व फेरीचा सामना, ॲनफील्डवर. लिव्हरपूलने तो तीन गोलांनी जिंकला. त्यांतले दोन फाउलरचे. गोल झाल्यावर त्याने अंगावरचा तांबडा शर्ट वर ओढला. आत दुसरा शर्ट होता, आणि त्यावर काढून टाकलेल्या पाचशे गोदी कामगारांना पाठिंबा देणारा मजकूर. गोदीवाल्याला इंग्रजीत ‘डॉकर’ म्हणतात. त्या शब्दातली ‘सी’ आणि ‘के’ ही दोन अक्षरे एका प्रसिद्ध कापड कंपनीच्या छापासारखी मोठी काढली होती, म्हणजे पाहणाऱ्याची नजर आधी थट्टेवर जावी आणि मग मजकुरावर. तसाच शर्ट त्याचा सहकारी स्टीव्ह मॅकमॅनामन ह्यानेही आत घातला होता.

दीड वर्ष ज्यांची बातमी छापून येत नव्हती, त्यांची बातमी दुसऱ्या दिवशी देशभर गेली. युरोपच्या फुटबॉल संघटनेने फाउलरला २००० स्विस फ्रँक दंड केला. मैदान ही राजकारणाची जागा नव्हे, असा त्याचा आशय. कंपन्यांच्या जाहिराती त्याच मैदानाच्या चारी बाजूंना लावलेल्या होत्या, त्यांना कुणी राजकारण म्हटले नाही.

ह्यानंतर चारच दिवसांनी आर्सेनलविरुद्ध सामना होता. फाउलर गोलकडे धावत असता गोलरक्षक डेव्हिड सीमन पुढे आला, फाउलर पडला, आणि पंच जेरल्ड ॲशबी ह्यांनी पेनल्टी दिली. फाउलर उठून पंचांना हातवारे करून सांगू लागला, की त्याने मला पाडले नाही, पेनल्टी देऊ नका. पंचांनी ऐकले नाही. फाउलरने पेनल्टी मारली, ती सीमनने अडवली, आणि परत आलेला चेंडू जेसन मॅकटीरने आत घातला. आपण मुद्दाम चुकवली नव्हती, गोल करणे हे आपले कामच आहे, असे फाउलरने पुढे स्वत:च सांगितले. म्हणजे साधुत्वाचा आवही त्याने आणला नाही. ह्या प्रामाणिकपणाबद्दल त्याच युरोपीय संघटनेने त्याला खिलाडूपणाचे बक्षीस दिले. चार दिवसांच्या अंतराने केलेल्या दोन गोष्टी, एकीला दंड, दुसरीला बक्षीस. आम्हांला दोन्हींत एकच माणूस दिसतो. जे नाही ते नाही म्हणणारा, आणि आपल्या माणसांचे नाव घ्यायला न लाजणारा.

एवढ्यावर व्याख्यान संपवता आले असते तर फार सोपे झाले असते. कामगारांच्या सभांतून पुष्कळदा ते एवढ्यावरच संपवले जाते.

२७ फेब्रुवारी १९९९ रोजी लिव्हरपूलचा सामना लंडनमध्ये चेल्सीशी होता. चेल्सीकडून ग्रेम ल सो नावाचा बचावपटू खेळत असे. ल सो हा विवाहित गृहस्थ, मुलाबाळांचा. पण त्याच्या वागण्या-बोलण्याची तऱ्हा इतर खेळाडूंहून निराळी होती. तो ‘गार्डियन’ वाचतो, जुनी चित्रे पाहायला जातो, एवढ्यावरून खेळाडूंनी त्याला समलिंगी ठरवून टाकले होते, आणि वर्षानुवर्षे मैदानामैदानांवर प्रेक्षक त्याला त्या नावाने हिणवीत. त्या दिवशी फाउलरने त्याच्याकडे पाठ करून, वाकून, सगळ्या जगासमोर त्याची गलिच्छ खूण केली, आणि एकदा करून थांबला नाही. पंचांनी ल सोलाच वेळ काढल्याबद्दल कार्ड दाखवले. पुढे ल सोचा संयम सुटून त्याने फाउलरला कोपर मारले, तेव्हा त्यालाही शिक्षा झाली.

ही हकीकत आम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा आमच्या मनात लिव्हरपूल आले नाही, आमचेच जेवणाच्या सुट्टीतले बाकडे आले. आम्ही शाळा लवकर सोडली. जे काही शिकलो ते नगरवाचनालयाच्या पुस्तकांवर, कामाच्या मधल्या वेळात. डबा खाऊन पुस्तक उघडले की मागून हाक येई, “काय बॅलिस्टर, आज काय वाचताय?” आणि मग हशा. त्या हशात चांगली माणसे होती. संपात आमच्या शेजारी लाठ्या खाल्लेली माणसे होती. आम्ही पुस्तक सदऱ्याखाली लपवायला शिकलो ते त्यांच्यामुळे. तेव्हा वर्तमानपत्र वाचतो म्हणून एका माणसाला त्याच्या सोबतीच्या माणसांनी आयुष्यभर छळावे, ही गोष्ट आम्ही तटस्थपणे वाचू शकत नाही. आणि त्या छळात पुढे झालेला माणूस कोण, तर ज्याने पाचशे बहिष्कृत माणसांसाठी शर्ट वर केला तोच.

चळवळीतले आमचे काही स्नेही म्हणतात, ती पोरवयाची थट्टा होती, गोदीत, गिरणीत, मैदानात असेच चालते. असे चालते हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणूनच तर आम्ही ते मान्य करीत नाही. जे आपल्या घोळक्यात बसत नाही त्याला घोळक्याने हसावे, ह्याला एकजूट म्हणत नाहीत. मालकाने कंत्राटी पोराला फाटकाबाहेर उभे करणे आणि आपण एका निराळ्या माणसाला हशाने बाहेर उभे करणे, ह्यांत बाहेर उभ्या असलेल्याच्या दृष्टीने फरक फार थोडा.

त्यानंतर पाच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९९९ रोजी, एव्हर्टनविरुद्ध गोल केल्यावर फाउलर गोलाजवळच्या पांढऱ्या रेषेवर ओणवा झाला आणि ती रेषा नाकाने ओढल्याचा अभिनय केला. हा अमली पदार्थ घेतो, अशी आरोळी एव्हर्टनचे प्रेक्षक त्याच्यावर ठोकीत असत, तिला हे उत्तर होते. प्रशिक्षक जेरार हुलिये ह्यांनी पत्रकारांना सांगितले, की हे गवत खाण्याचे सोंग आहे, संघातल्या कॅमेरूनच्या खेळाडूकडून उचललेले. ह्या खुलाशावर अजून लोक हसतात. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने दोन्ही प्रकरणे एकत्र घेतली. सहा सामन्यांची बंदी, ३२,००० पौंड दंड. त्यातली वाटणी पाहण्यासारखी आहे. सहापैकी चार सामने पांढऱ्या रेषेसाठी, आणि ल सोच्या विटंबनेसाठी दोन. सोंग महाग पडले, माणसाचा अपमान स्वस्तात गेला. फाउलरने ह्याबद्दल जाहीर माफी मागितली ती २०१४ साली, पंधरा वर्षांनी. उशिरा मागितली, पण मागितली, हेही नोंदले पाहिजे.

आता तिसरा मुद्दा, पैशाचा. गोदीचा लढा जानेवारी १९९८ मध्ये संपला. सव्वादोन वर्षे टिकून राहिलेल्या माणसांनी अखेर २८,००० पौंडांच्या आसपास रक्कम घेऊन सही केली. काम परत मिळाले नाही. त्यांच्या लढ्यावर पुढे दूरदर्शनसाठी चित्रपट झाला. त्याच्या लेखनात कामगार स्वत: सामील होते. त्या पैशातून त्यांनी होप स्ट्रीटवर ‘कासा’ नावाची आपली जागा उभी केली.

फाउलरला नोव्हेंबर १९९१ नव्हे, २००१ मध्ये लिव्हरपूलने लीड्सला विकले. त्याच वर्षी संघाने तीन करंडक जिंकले होते, त्यांतल्या दोन अंतिम सामन्यांत ह्याचे गोल होते. तरी विकले. चाहते हळहळले, हुलियेंवर चिडले. पुढे तो मँचेस्टर सिटीकडे गेला. तोपर्यंत त्याने आपला पैसा घरांत घातला होता. एक-दोन नव्हे, पुष्कळ घरे विकत घ्यायची आणि भाड्याने द्यायची. बीटल्स हे लिव्हरपूलचेच. त्यांच्या पाणबुडीच्या गाण्याच्या चालीवर मँचेस्टरचे प्रेक्षक मैदानात गाऊ लागले, की आम्ही सारे ह्याच्याच घरांत राहतो. त्याच्या बाजूचेच प्रेक्षक हे गात होते, हसतहसत गात होते, पण भाडेकरूच्या हसण्यात थोडा दात असतोच. पुढे घरांत पैसा कसा गुंतवावा हे शिकवणारे वर्गही त्याच्या नावाने निघाले.

ह्यावर आम्हांला आधी आपल्याच बाजूची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. इंग्लंडात १९६१ पर्यंत फुटबॉलपटूला आठवड्याला २० पौंडांहून अधिक पगार देण्यास बंदी होती. ती उठली कशाने? जिमी हिल ह्यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या युनियनने संपाची नोटीस दिली, तेव्हा उठली. म्हणजे फाउलरच्या लाखो पौंडांच्या पगाराखाली एका युनियनच्या लढ्याचा पाया आहे. कामगाराला जास्त मिळावे म्हणून आम्ही जन्मभर ओरडायचे, आणि एखाद्याला खरोखर मिळाले की तोंड वाकडे करायचे, हे बरोबर नाही. टॉक्स्टेथच्या पोराने गरीबच राहावे असे म्हणणाऱ्याला टॉक्स्टेथ ठाऊक नाही. खेळाडूचे आयुष्य पंधरा वर्षांचे, गुडघा गेला की संपले. त्याने पुढची तजवीज केली तर बिघडले काय?

पण पगार आणि भाडे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. पगार मैदानात घाम गाळून मिळवला. भाडे दुसऱ्याच्या घामातून येते. ज्या वस्त्यांत घर विकत घेण्याची ऐपत सरली, तिथेच भाड्याचा धंदा चालतो. हा धंदा त्याने काढला नाही, आणि तो न करता तर दुसऱ्या कुणी केला असता. बेकायदा तर तो मुळीच नाही. तरीसुद्धा शर्टावर पाचशे बेकारांचे नाव लिहिणारा माणूस घरमालकांच्या रांगेत दिसावा, ह्याने जुन्या चाहत्याच्या मनात काहीतरी तुटते, आणि ते तुटणे आम्हांला खोटे वाटत नाही.

तरीही गावाने त्याला टाकले नाही. जानेवारी २००६ मध्ये तो लिव्हरपूलला परत आला तेव्हा वय तिशीपुढे, पाय जड झालेले. पहिल्या सामन्यात राखीव म्हणून उतरला आणि शेवटच्या क्षणांत उलटी उडी घेऊन चेंडू जाळ्यात मारला. ऑफसाइड म्हणून तो गोल बाद झाला, पण मैदान असे उसळले होते की गोल धरला की नाही ह्याची फारशी कुणाला पर्वा नव्हती. १३ मे २००७ रोजी ॲनफील्डवर निरोप घेताना सारे प्रेक्षक उभे राहिले. लिव्हरपूलसाठी त्याचे गोल १८३. त्या उभ्या राहिलेल्यांत गोदीवाले असतील, त्याच्या खुणेने दुखावलेलेही कुणी असतील. उभे राहण्याने मागचे पुसले गेले, असे त्यांतल्या कुणाला वाटले असेल असे आम्हांला वाटत नाही.

आपल्याकडेही तो येऊन गेला. २०२० साली कोलकात्याच्या ईस्ट बंगालने त्याला प्रशिक्षक नेमले. करोनाच्या साथीमुळे त्या हंगामाचे सगळे सामने गोव्यात, रिकाम्या मैदानांवर झाले. २७ नोव्हेंबर २०२० रोजी वास्कोच्या टिळक मैदानावर त्याचा संघ पहिलाच सामना मोहन बागानशी खेळला आणि दोन गोलांनी हरला. मुरगाव बंदराच्या गावात गोदीवाल्यांचा हा जुना कैवारी उभा होता, आणि पाहायला कुणी नव्हते. त्या दिवसांत तो बोलून गेला, की आपल्या काही भारतीय खेळाडूंना ह्यापूर्वी कुणी नीट शिकवलेलेच नसावे. ईस्ट बंगाल हा फाळणीने उखडलेल्या निर्वासितांच्या काळजाचा क्लब. त्याच्या चाहत्यांना हे बोल लागले. पुढे पंचांवर केलेल्या शेऱ्यांबद्दल त्याला चार सामन्यांची बंदी आणि पाच लाख रुपये दंड झाला. अकरा संघांत त्याचा संघ नववा आला. बोलावे की नाही ह्याचा विचार न करता बोलणे, ही ह्या माणसाची जुनी सवय. १९९७ साली तिने त्याच्याकडून एक मोठे काम करून घेतले, आणि इतर वेळी पुष्कळांना दुखावले.

आता आमच्या प्रश्नाकडे येतो. आमच्या युनियनच्या कचेरीत भिंतीवर एक फोटो आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीच्या एका गेट मीटिंगचा. स्टुलावर उभा राहून जो तरुण बोलतो आहे, त्याने त्या लढ्यात दोन महिने तुरुंगात काढले. त्याच्या भाषणाने जी माणसे आत जाणार होती ती थांबली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. पुढे त्याने हिशेबाचा पैसा खोल्यांत घातला. आज तो खोल्या भाड्याने देतो, आणि भाडे चुकले की सामान बाहेर ठेवायला कमी करीत नाही. त्याच्या भाडेकरूंत आमचे कंत्राटी पोरगे आहेत. त्यांनी ठराव आणला आहे, की तो फोटो उतरवा. ठराव मागच्या बैठकीत तहकूब झाला. पुढच्या बैठकीत मत द्यावे लागणार आहे, आणि दोन्ही बाजूंची माणसे आमच्याकडे पाहून आहेत.

लिव्हरपूलची हकीकत आम्ही वाचू लागलो ती ह्यासाठी. त्या गावच्या चाहत्यांना लोक दुटप्पी म्हणतात, एकाच माणसाला देव म्हणतात आणि शिव्याही देतात म्हणून. आम्हांला वाटते, ते हिशेब नीट ठेवतात. जमेची बाजू जमेला, खर्चाची खर्चाला. एकीने दुसरी खोडत नाहीत, आणि वजाबाकी करून माणसाची एक किंमतही काढीत नाहीत. शर्ट खरा होता. त्याने ज्यांचे नाव जगापुढे आले ती माणसे खरी होती, आणि तो क्षण आता त्यांच्या मालकीचा आहे, फाउलरने पुढे काय केले त्यावर तो अवलंबून नाही. ल सोची विटंबनाही तेवढीच खरी, आणि शर्टाच्या पुण्याईने ती माफ करण्याचा अधिकार गोदीवाल्यांना नाही, आम्हांला तर मुळीच नाही. तो एकट्या ल सोचा.

तेव्हा पुढच्या बैठकीत आम्ही फोटो राहावा म्हणून मत देणार आहोत. मात्र एका अटीवर. आज त्या फोटोखाली त्या माणसाचे नाव आहे आणि दुसरे काही नाही. ते काढून तिथे तारीख लिहावी, लढा कशासाठी होता ते लिहावे, आणि स्टुलाभोवती उभ्या असलेल्या माणसांची, जेवढी आठवतात तेवढी, सगळी नावे लिहावीत. त्याचे नावही त्यांत असेल, इतरांच्या ओळीत. आणि ज्या पोरांचे सामान त्याने बाहेर काढले, त्यांच्यासाठी युनियनने भाड्याचा प्रश्न हाती घ्यावा, भले समोर आमचाच जुना सोबती उभा असो. फोटो उतरवणे सोपे आहे. हे दुसरे काम जड जाणार, कारण आम्हांला त्याच्या दारात जाऊन बोलावे लागेल, आणि तो आम्हांला चहा विचारील.